गृहारोग्य : पोटांतील बाळाची चाहूल

गेल्या महिन्याच्या टपालांत आम्हांस एका प्रौढ भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें आहे, अक्षर वळणदार आहे, आणि तिसऱ्या पानावर शाई दोन ठिकाणीं पसरलेली आहे. ह्या सदरांत आम्ही पत्रें जशींच्या तशीं छापीत नाहीं, परंतु "माझें नांव घालूं नका, पण हकीकत अवश्य घाला, एखाद्या घराच्या तरी उपयोगीं पडेल" अशी त्यांची इच्छा असल्यामुळें पत्राचा सारांश येथें देतों.

दोन वर्षांपूर्वीं ह्या बाईंच्या थोरल्या सुनेस नववा महिना लागला होता. डोहाळजेवण थाटानें झालें होतें, तपासण्या वेळच्या वेळीं झाल्या होत्या, प्रकृतींत कोठेंहि उणें नव्हतें. एके दिवशीं दुपारीं सून स्वयंपाकघरांत येऊन म्हणाली, "आई, आज बाळ फारसें हाललें नाहीं." बाईंनीं तिच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हटलें, "अगं, दिवस भरत आले कीं मूल शांत होतें. आंत जागा कोठें उरली आहे त्याला? बाहेर येण्यापूर्वीं विसांवा घेत आहे." मुलीचें तेवढ्यापुरतें समाधान झालें. रात्रीं तिनें पुन्हां तोच विषय काढला. तेव्हां कांहीं गोड खाऊन पडून राहा, सकाळीं डॉक्टरांकडे जाऊं, असें ठरलें. सकाळीं गेलीं, तों बाळाच्या हृदयाचे ठोके थांबलेले होते.

"सून मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं," असें बाई लिहितात, "बोलली असती तर बरें झालें असतें." आतां त्यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली आहे. तिला तेहतिसावा आठवडा चालू आहे, आणि तपासणींत मूल पायाळू, म्हणजे डोकें वर व नितंब खालीं, असें निघालें आहे. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं पोट चोळून मूल फिरवून देणाऱ्या सुईणीचें नांव सुचविलें आहे. बाई आम्हांस दोन प्रश्न विचारतात : तेव्हां माझी चूक झाली काय? आणि आतां मीं काय करावें?

पहिल्या प्रश्नास सरळ उत्तर दिलें पाहिजे. त्यांनीं सुनेस जें सांगितलें तें खरें नव्हतें. परंतु तें त्यांनीं स्वतः रचलेलेंहि नव्हतें. त्यांस त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलें, सासूबाईंस आणखी कोणी सांगितलें, आणि प्रत्येकीनें तें मायेनेंच पुढें दिलें. दुपारींच गेल्या असत्या तर मूल वांचलेंच असतें, असें छातीठोकपणें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. कांहीं मुलांच्या बाबतींत हालचाल मंदावते तेव्हांच फार उशीर झालेला असतो. म्हणून बाईंनीं स्वतःस अपराधी ठरवून जन्मभर जाळीत राहूं नये. ती समजूत मात्र अपराधी आहे, आणि तिला आपल्या घरांतून कायमचें घालवून दिलें पाहिजे. ती कां खोटी आहे, हें आज आम्ही थोडें विस्तारानें सांगूं इच्छितों.

पहिलटकरणीस बाळाची चाहूल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास लागते. पूर्वीं बाळंत झालेल्या स्त्रीस ती ओळखीची असल्यानें १६ व्या आठवड्याच्या सुमारासहि लागते. आरंभीं ती पाण्यांत मासोळी वळावी इतकी हलकी असते. २४ आठवडे पूर्ण होऊनहि कांहींच जाणवलें नाहीं तर डॉक्टरांस दाखवावें. पुढें हालचाल वाढत जाते, आणि सुमारें ३२ व्या आठवड्यापासून ती एका पातळीवर स्थिर होते. जुन्या समजुतीचा घोटाळा येथेंच आहे. जागा अपुरी पडूं लागल्यामुळें हालचालीचा प्रकार बदलतो, हें खरें. पूर्वीं उसळी मारणारें मूल आतां कूस बदलतें, रेटा देतें, कोपर किंवा गुडघा फिरवितें. परंतु प्रकार बदलला म्हणून हालचाल कमी व्हावी असें कांहीं कारण नाहीं. प्रसूतीच्या दिवसापर्यंत, किंबहुना वेणा चालू असतांनाहि, निरोगी मूल हालत असतें.

मूल पोटांत झोपतेंहि. ही झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते. ९० मिनिटांहून अधिक वेळ ती क्वचितच चालते. तेव्हां अर्धा तास शांततेंत गेला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. आई कामांत गढलेली असली तर हालचाल होऊनहि ती तिच्या ध्यानांत येत नाहीं. तीच आडवी झाली म्हणजे येते. पुष्कळ मुलें दिवसापेक्षां सायंकाळीं व रात्रीं अधिक चळवळ करतात. वार गर्भाशयाच्या पुढील भिंतीस लागलेली असेल तर, विशेषतः २८ व्या आठवड्यापूर्वीं, धक्के मऊ जाणवतात. मूल उचकी देऊं लागलें म्हणजे पोटावर एकसारखे, ठेक्यांत ठोके जाणवतात. त्यांची गणना हालचालींत करावयाची नसते.

आतां मूल हालणें कमी कां करतें तें पाहूं. घरांत धान्य अपुरें पडूं लागलें म्हणजे शहाणी गृहिणी सणवार आवरते, पाहुणे पुढें ढकलते, आणि चूल तेवढी पेटती ठेवते. वारेकडून येणारा प्राणवायु अपुरा पडूं लागला म्हणजे मूलहि नेमकें असेंच वागतें. तें हातपाय आवरतें आणि असेल तेवढें रक्त मेंदूस व हृदयास पुरवितें. ही काटकसर कधीं कांहीं तास चालते, कधीं कांहीं दिवस. डॉक्टरांस जें कांहीं करतां येण्यासारखें असतें तें ह्याच अवधींत. "विसांवा घेत आहे" असें ज्यास आपण म्हणतों, तो पुष्कळदां विसांवा नसून उपासमार असते. म्हणूनच रात्र जाऊं देणें धोक्याचें.

येथें आमच्या सुशिक्षित वाचकभगिनी विचारतील कीं, दिवसांत हालचाली किती व्हाव्यात तो आकडा सांगा, म्हणजे आम्ही वहींत मांडूं. असा आकडा शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. १९७६ सालीं वेल्समधील कार्डिफ येथील पिअर्सन व वीव्हर ह्या डॉक्टरांनीं दिवसांतून दहा हालचाली मोजण्याची पद्धत मांडली आणि ती बहुतेक सर्व देशांत पसरली. पुढें १९८९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तांत आला. सुमारें ६८,००० स्त्रिया त्यांत होत्या, आणि सर्वांस रोज तक्ता भरावयास लावल्यानें मृत्यु कमी झाल्याचें दिसलें नाहीं. २०१८ सालीं ब्रिटन व आयर्लंड येथील चार लाखांहून अधिक गर्भारपणांचा वृत्तांत त्याच पत्रांत प्रसिद्ध झाला. तेथें स्त्रियांस सावध करून ठरीव पद्धतीनें तपासणी करण्याची योजना राबविली होती; तिनेंहि मृत जन्मांचें प्रमाण खात्रीलायक रीतीनें घटलें नाहीं. आम्ही हें लपवून ठेवीत नाहीं. कारण आंकडा भरला कीं निर्धास्त व्हावें, असा मंत्र देणें म्हणजे एक खोटी समजूत काढून तिच्या जागीं दुसरी बसविणें होय.

मग चाहुलीस महत्त्व नाहीं कीं काय? तसें मुळींच नाहीं. मूल दगावण्यापूर्वीं त्याची हालचाल मंदावली होती, असें सांगणाऱ्या माता प्रत्येक देशांतील डॉक्टरांस भेटलेल्या आहेत. ह्या प्रयोगांचा बोध इतकाच कीं, सर्व मुलांस एकच माप लावतां येत नाहीं. एक मूल जात्याच खेळकर असतें, दुसरें जात्याच गंभीर. आपल्या मुलाची नेहमींची चाल कोणती, तें कोणत्या वेळीं जागें असतें, आपण जेवून पडलों म्हणजे काय करतें, ह्याची ओळख २८ व्या आठवड्यापासून आईनें करून घ्यावी. त्या चालींत फरक पडला, हालचाल स्पष्टपणें मंदावली किंवा थांबली, कीं त्याच वेळीं, रात्र असो वा दिवस, सूतिकागृहांत जावें. फरक आहे कीं नाहीं ह्याविषयीं नुसती शंका असेल, तर ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें २०११ सालीं दिलेला सल्ला उपयोगी आहे : हातांतील काम टाकून डाव्या कुशीवर पडावें, दोन तास लक्ष केवळ पोटाकडे द्यावें, आणि तेवढ्यांत दहा निरनिराळ्या हालचाली जाणवल्या नाहींत तर ताबडतोब निघावें. हे दोन तास शंकेसाठीं आहेत. ज्या आईची खात्रीच झाली आहे, तिनें ते पडून घालवूं नयेत.

गोड खाऊन, थंड पाणी पिऊन किंवा पोट हलवून मूल जागें करण्याच्या युक्तीवर भरंवसा ठेवण्यास आधार नाहीं. त्यांत वेळ मात्र जातो. घरीं ठोके ऐकण्याचें लहान यंत्र हल्लीं बाजारांत विकत मिळतें. तें आणून त्यावर विसंबणें तर अधिकच घातक. कारण अनभ्यस्त कानास आईच्या नाडीचा किंवा वारेंतील रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचा वाटतो, आणि जावयाचें राहून जातें. सूतिकागृहांत बाळाच्या हृदयगतीचा आलेख काढतात, पोटाच्या मापावरून वाढ पाहतात, जरूर तर सोनोग्राफी करून गर्भजल तपासतात. त्यांत दुखण्यासारखें कांहींहि नाहीं. एकदां अशी तक्रार घेऊन गेलेल्या १०० स्त्रियांपैकीं सुमारें ७० जणींचें पुढें सर्व सुरळीत पार पडतें. "उगीच धांवत आलों" असें म्हणत परत येण्यासारखें भाग्य नाहीं. त्याची लाज वाटूं देऊं नये. आणि दुसऱ्यांदा हालचाल मंदावली तर "परवांच तर दाखविलें" असें म्हणून घरीं बसूं नये.

निजण्याविषयींहि एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. २८ व्या आठवड्यानंतर झोपतांना कुशीवर झोपावें. उताणें झोपल्यानें भरलेल्या गर्भाशयाचें वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतें व वारेकडे जाणारें रक्त कमी होतें. डावी कूस कीं उजवी, ह्याचा फार काथ्याकूट नको. मध्यरात्रीं जाग येऊन आपण उताण्या आहों असें दिसलें तर घाबरूं नये. कूस बदलून पुन्हां निजावें.

आतां बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पायाळू मुलाकडे, वळूं.

पायाळू माणसाविषयीं आपल्याकडे कथांस तोटा नाहीं. पायाळू माणसाचा पाय लागला कीं उसण जाते, त्यास भूमींतलें धन दिसतें, आणि त्याच्यावर वीज पडते, असें ऐकतच आपण लहानाचे मोठे झालों. ह्यांतील एकहि गोष्ट मुलीच्या कानावर जाऊं देऊं नये. खरी गोष्ट साधी आहे. २८ व्या आठवड्याच्या सुमारास पांच मुलांपैकीं साधारण एक मूल डोकें वर करून बसलेलें असतें. दिवस भरेपर्यंत त्यांतील बहुतेक आपण होऊन फिरतात, व १०० पैकीं तीन-चारच तशीं राहतात. गर्भाशय खालीं निमुळता व वर ऐसपैस असतो. मूल मोठें होतें तसे त्याचे मांडी घातलेले पाय व नितंब ह्यांस अधिक जागा लागते. तीं वरच्या ऐसपैस भागाकडे जातात आणि डोकें खालीं उतरतें. बाईंच्या कन्येस ३३ वा आठवडा आहे. तिच्या मुलास अजून फिरण्यास अवधि आहे, आणि तें आपण होऊन फिरण्याचाच संभव अधिक आहे.

मूल कसें आहे ह्याचा थोडा अंदाज आईसहि येतो. बरगड्यांखालीं वाटोळें, टणक असें कांहीं लागत असेल आणि लाथा खालीं ओटीपोटांत बसत असतील, तर डोकें वर असण्याचा संभव आहे. लाथा बरगड्यांखालीं बसत असतील तर डोकें बहुधा खालीं आहे. परंतु ह्या अंदाजावर निकाल देऊं नये. पोटावर हात ठेवून मुलाची ठेवण ओळखण्याच्या ज्या चार रीती डॉक्टर वापरतात, त्यांस लिओपोल्ड ह्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाचें नांव आहे. अनुभवी हातहि कधीं चुकतो. १९५८ सालीं ग्लासगो येथील इयन डोनल्ड ह्यांनीं ध्वनिलहरींनीं पोटांतील भाग पाहण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून ती शंका उरलेली नाहीं. ३६ व्या आठवड्यांत मुलाची ठेवण नक्की करून घ्यावी, एवढें पंचांगावर लिहून ठेवावें.

तेव्हांहि डोकें वरच असेल तर बाहेरून मूल फिरविण्याची वैद्यकीय रीत आहे. पहिलटकरणीस ती ३६ व्या आठवड्यापासून व इतर स्त्रियांस ३७ व्या आठवड्यापासून करतात. सुमारें निम्म्या स्त्रियांच्या बाबतींत ती साधते. मग सुईणीनेंहि तेंच केलें तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. हात दोघांचेहि पोटावरच असतात, हें खरें. परंतु डॉक्टर आधीं सोनोग्राफीनें वार कोठें आहे व गर्भजल किती आहे तें पाहतात, गर्भाशय सैल पडावा म्हणून औषध देतात, बाळाचे ठोके आधीं व नंतर तपासतात, आईचा रक्तगट ऋण असेल तर त्यावरील इंजेक्शन देतात, आणि शस्त्रक्रियेची खोली शेजारीं तयार ठेवतात. इतकें करूनहि २०० पैकीं एखाद्या स्त्रीस त्याच दिवशीं तांतडीनें सिझेरियन करण्याची पाळी येते. सुईणीच्या खोलींत ती पाळी आली, वार सुटली किंवा नाळ दाबली गेली, तर तेथें काय करणार? अनुभवी सुईणींनीं असंख्य बाळंतपणें सुखरूप पार पाडलीं आहेत. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. तरी कन्येचें पोट चोळून घेऊं नये, हें आमचें बाईंस निक्षून सांगणें आहे.

मूल फिरावें म्हणून फरशी पुसावी, हातांगुडघ्यांवर रांगावें, असाहि उपदेश होतो. २००४ सालीं ऑस्ट्रेलियांत सुमारें २,५०० स्त्रियांवर ह्याची परीक्षा झाली. तेथें प्रश्न डोकें वर असण्याचा नसून, डोकें खालीं पण तोंड आईच्या पोटाकडे असलेल्या मुलांचा होता. रोज हातांगुडघ्यांवर बसल्यानें जन्मवेळच्या ठेवणींत फरक पडला नाहीं. पाठीस आराम वाटत असेल तर तसें अवश्य बसावें. पण फरशी पुसली नाहीं म्हणून मूल फिरलें नाहीं, असा बोल मुलीस लावूं नये.

फिरवूनहि मूल न फिरल्यास प्रसूति कशी करावी हें डॉक्टरांशीं शांतपणें बसून ठरवावें. २००० सालीं २६ देशांतील २,०८८ स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांत मूल दगावण्याचें किंवा त्यास गंभीर इजा होण्याचें प्रमाण आधीं ठरवून केलेल्या सिझेरियनमध्यें १०० स १.६ व नैसर्गिक प्रसूतीच्या योजनेंत १०० स ५ आढळलें. तेव्हांपासून बहुतेक ठिकाणीं सिझेरियनचा सल्ला देतात. ह्यांतील कांहीं मुलें दोन वर्षांचीं झाल्यावर पुन्हां पाहिलीं, तेव्हां दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. म्हणून निष्णात डॉक्टर व सर्व सोय असेल तेथें निवडक स्त्रियांस नैसर्गिक प्रसूतीचा मार्ग आजहि मोकळा आहे. जन्मानंतर पायाळू मुलाच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी मात्र विसरूं नये. अशा मुलांत तो सांधा सैल असण्याचा संभव अधिक असतो, आणि लवकर कळलें तर उपाय सोपा असतो. उसण घालविणारा पाय म्हणून ज्याचें कौतुक करावयाचें, त्या पायाची खरी काळजी ही आहे.

मूल आडवें असणें हा प्रकार विरळा, परंतु सर्वांत धोक्याचा. सुश्रुतांनीं निदानस्थानांत मूढगर्भाचे प्रकार सांगतांना अशा आडव्या गर्भास परिघ, म्हणजे दाराचा अडसर, असें नांव दिलें आहे. ह्याहून नेमकें नांव आजहि सुचणार नाहीं. ३६ व्या आठवड्यानंतरहि मूल आडवें असेल तर डॉक्टर सांगतील तसें सूतिकागृहाजवळ किंवा तेथेंच राहावें. पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहतां कुशीवर निजूनच, कमरेखालीं उशी घेऊन, तत्काळ निघावें. कारण पाण्याबरोबर नाळ खालीं येऊन दाबली जाण्याची भीति असते.

सुश्रुतांचें नांव आम्हीं मुद्दाम घेतलें. आपल्या घरांतून "पूर्वापार चालत आलें आहे" असें म्हटलें कीं वाद संपतो. परंतु ज्या पूर्वजांचा आपण अभिमान बाळगतों ते गर्भाची ठेवण डोळ्यांनीं पाहून व हातांनीं चांचपून लिहिणारे होते. ऐकीव गोष्टीवर स्वस्थ बसणारे नव्हते. १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतांना आनंदीबाई जोशी ह्यांनीं आपल्या प्रबंधासाठीं आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. त्यांचें स्वतःचें मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेलें होतें. जुन्याचा मान राखणें व नवें शिकणें ह्यांत विरोध नाहीं, हें त्या थोर स्त्रीनें आपल्या आचरणानें दाखविलें. जातां जातां आणखी एक : मूल उजव्या कुशींत हाललें तर मुलगा, ह्या बोलण्यासहि कवडीचा आधार नाहीं. सोनोग्राफीच्या वेळीं मुलगा कीं मुलगी हें विचारणें तर १९९४ च्या कायद्यानें गुन्हाच आहे.

कन्या माहेरीं आली आहे, ह्या गोष्टीचीहि एक जबाबदारी आहे. सासरच्या गांवीं झालेल्या तपासण्यांचे सर्व कागद, रक्तगट, सोनोग्राफीचे अहवाल तिच्याबरोबर आले आहेत ना, तें आजच पाहावें. माहेरच्या डॉक्टरांकडे नांव घातलें नसेल तर ह्याच आठवड्यांत घालावें. मध्यरात्रीं कोणाचें वाहन काढावयाचें, दार कोण बंद करणार, सूतिकागृहाचा दूरध्वनि कोणता, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें. वाहन नसेल तर महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आणि मुलीस एकदां जवळ बसवून स्पष्ट सांगावें : "रात्रीं दोन वाजतां वाटलें तरी मला उठव. मी 'कां' म्हणून विचारणार नाहीं."

ह्या एका वाक्यासाठींच आम्हीं आजचा लेख लिहिला असें म्हटलें तरी चालेल. रक्तदाब यंत्र सांगतें, वाढ सोनोग्राफी सांगते. पण आज दुपारी बाळ नेहमींप्रमाणें हाललें कीं नाहीं, ही बातमी जगांत एकाच व्यक्तीस कळते, आणि ती व्यक्ति पुष्कळदां घरांतील सर्वांत नवी, सर्वांत संकोची अशी सून असते. तिनें दुपारीं एकदां सांगितलें आणि रात्रीं पुन्हां सांगितलें, ह्यावरून तिच्या मनास किती लागलें असेल ह्याची कल्पना करावी. वडील मंडळींचा अनुभव मोठा खरा. तथापि ह्या एका बाबतींत घरांतील सर्वांत लहान माणसाचा शब्द प्रमाण मानला पाहिजे.

शेवटीं पत्र लिहिणाऱ्या भगिनींस चार शब्द. आपण आम्हांस विचारलेंत, पण आपला खरा प्रश्न आमच्यासाठीं नाहीं. आपली सून दोन वर्षें बोलली नाहीं, आणि आपणहि बोललां नाहींत. एका छपराखालीं दोघी एकाच बाळासाठीं निरनिराळ्या खोलींत रडलां. हा अंक तिच्या हातीं देण्यापूर्वीं आपणच तिच्याजवळ जाऊन बसा, आणि म्हणा, "तूं मला दोनदां सांगितलेंस, मीं ऐकावयास हवें होतें." ती काय उत्तर देईल हें आम्ही सांगूं शकत नाहीं. कदाचित् कांहींच देणार नाहीं. तरी तें वाक्य तिच्या कानीं पडणें अवश्य आहे. ईश्वरकृपेनें तिला पुन्हां दिवस गेले तर पहिल्या भेटींतच डॉक्टरांस मागील सर्व हकीकत सांगा, म्हणजे ते तिच्यावर अधिक बारीक लक्ष ठेवतील. आणि तिनें स्वयंपाकघरांत येऊन "आई" म्हणून हांक मारली, तर चुलीवरचें उतरवून आधीं तिचें ऐका.

आपल्या कन्येचें बाळंतपण सुखरूप पार पडो. बाळ फिरलें कीं नाहीं, तें ३६ व्या आठवड्यानंतर आम्हांस अवश्य कळवावें. आम्ही पत्राची वाट पाहत आहों.